नकाशावर आधीच जळालेला उतार

पटणं न पटणं तुमच्यावर. मंजुषा माझी सख्खी मामेबहीण, भुताखेतांची टिंगल करणारी. हे तिने मला स्वतः सांगितलं.

गोष्ट गेल्या एप्रिलमधली. हरसूलच्या पुढच्या डोंगरातली. तीही भर दुपारची.

मंजुषा नाशिकला एका ऑफिसात कामाला आहे. उन्हाळ्यात वणवे लागले की उपग्रहाने टिपलेली चित्रं बघून किती रान जळालं याचा नकाशा करायचा, हे तिचं काम. जळालेली जमीन चित्रात काळपट दिसते.

तसा एक अख्खा उतार काळा दिसला. खात्री करायला ती आणि तिच्यासोबत काम करणारा शेखर जीप घेऊन गेले.

उतार जळालेलाच नव्हता.

कमरेएवढं वाळलेलं, पिवळंधमक गवत उभं होतं. मोबाइलवर जागा पुन्हा पुन्हा ताडून पाहिली. जागा हीच. शेखर म्हणाला, ढगाची सावली पडली असेल, आपण तिलाच जळालेलं समजलो. मंजुषालाही ते पटलं.

ती गवतात शिरली.

पाखरू नाही. किडा नाही. वारा होता, पण गवताची सळसळ नाही.

आणि मग तिचं लक्ष स्वतःच्या बाहीकडे गेलं...

पांढऱ्या बाहीवर काजळीचे काळे फराटे उठले होते. गवत पिवळंच होतं.

ती मागच्या मागे बाहेर आली.

उताराच्या कडेला एक झोपडी होती. तिथे रंगूबाई नावाची म्हातारी एकटीच राहायची. चित्रात ही झोपडीही काळ्या भागातच येत होती. रंगूबाईने दोघांना ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. शेळ्या त्या गवताला तोंडच लावत नाहीत, म्हणाली.

मंजुषाने घोट घेतला. पाण्याला धुराचा वास होता.

तिने भांडं खाली ठेवलं. काय सांगायचं ते तिलाच कळेना. तरी तिने गळ घातली, आजी, थोडे दिवस मुलीकडे जाऊन राहा. मुलगी सविता हरसूललाच दिलेली. रंगूबाई ऐकेना. शेळ्या कोण बघणार?

तेवढ्यात झोपडीच्या आत कुणीतरी खोकलं...

धूर छातीत भरल्यावर खोकतात, तसं.

"आत कोण आहे?" मंजुषाने विचारलं.

"कुनी नाय. मी एकलीच हाय."

पुन्हा खोकला. मग आतून दारावर थाप.

"दार उघड गं... लय धूर झालाय..."

दार सताड उघडं होतं. आतली चूल, मडकी, सगळं दिसत होतं. आत कुणीच नव्हतं.

शेखर पांढराफटक पडला. पण मंजुषा बघत होती रंगूबाईकडे. म्हातारीचा हात स्वतःच्या गळ्याकडे गेला होता.

तो आवाज तिचाच होता.

रंगूबाई उठली. तिने शेळ्या सोडल्या आणि खालच्या पाड्याकडे हाकलल्या. नेसत्या लुगड्यानिशी जीपमध्ये येऊन बसली. हरसूल येईपर्यंत कुणी मागे वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या उताराला वणवा लागला. कसा लागला, कुणाला कळलं नाही. झोपडीची राख झाली.

नंतरचं चित्र मंजुषाने उघडलं. जळालेल्या भागाची कड आधीच्या चित्राशी तंतोतंत जुळत होती. शेखरने त्याच आठवड्यात ते काम सोडलं.

मंजुषाला वाटत होतं, निदान एक जीव वाचला.

मग सविताचा फोन आला. आई जेवते, चालते, पण बंद दाराच्या खोलीत थांबत नाही, म्हणाली. तुमच्याशी बोलायचं म्हणते.

रंगूबाईने फोन घेतला. हळूच म्हणाली,

"पोरी, मी तर हितं आले. मग तिथं जी आत राह्यली... ती कोन व्हती?"