दोघांत एक चेंडू

"चेंडूकडे बघा. माझ्याकडे नाही."

हे तो मलाच म्हणाला, आणि मी कानापर्यंत लाल झाले. कारण मी खरंच त्याच्याकडे बघत होते.

ऑगस्ट संपत आला होता. संभाजीनगरच्या छावणीतल्या गोल्फच्या मैदानावर आभाळ अगदी डोक्याशी आलेलं… पडत नव्हतं आणि हटतही नव्हतं. आपल्याकडचा पावसाळा असाच. आठवडाभर नुसतं झाकोळून ठेवतो आणि माणसाच्या मनावर शेवाळ धरतं. आमच्या कंपनीनं पाहुण्यांसाठी गोल्फचा दिवस ठेवला होता. मी वाळूजला बिअरच्या कारखान्यात, तपासणीच्या लॅबमध्ये. गोल्फशी माझा काही संबंध नव्हता. पण आमच्या मोनिका मॅडमच्या टीममध्ये एक माणूस कमी पडला, आणि त्यांनी मला लॅबमधून तशीच उचलून आणलं.

टीममध्ये चौथे होते कारभारी काका, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, रोज सकाळी इथंच असणारे. आणि तिसरा हा. इंद्रजीत. आमच्याकडे बाटल्या भरायची मशिनं देणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर. मूळचा सोयगावचा.

"मला येत नाही हो," मी काठी उलटी धरत म्हणाले. "तुमची टीम हरेल माझ्यामुळं."

"नाही हरणार. याला स्क्रॅम्बल म्हणतात." त्यानं माझ्या हातातली काठी सरळ केली. बोटांना बोटं लागली… बहुतेक चुकून. "चौघांनी मारायचं. ज्याचा चेंडू सगळ्यात बरा पडला, तिथून परत चौघांनी मारायचं. बाकीचे तीन उचलून खिशात."

"म्हणजे माझा कुठंही गेला तरी—"

"कुणाला पत्ता लागत नाही."

"हीच तर खोट आहे!" कारभारी काका मागून गुरगुरले. "आपली चूक आपण निस्तरायची, त्याला खेळ म्हणतात. इथं चूक खिशात घालतात. आणि चौघं चार वेळा मारणार, तोवर बाकीच्यांनी उभ्या उभ्या म्हातारं व्हायचं."

"पण काका, हा प्रकार नसता तर या मॅडम आल्या असत्या का?" इंद्रजीत म्हणाला. काकांनी माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि मिशीत हसले.

माझा पहिला चेंडू बाभळीत गेला. दुसरा मोनिका मॅडमच्या पायाशी. पण एका ठिकाणी मी घाबरत हलकेच ढकललेला चेंडू, तिघांचे चुकल्यावर, सरळ भोकात जाऊन पडला. टक्! तो बारीकसा आवाज मी आठवडाभर ऐकत होते.

इंद्रजीत सुरेख मारायचा. पण मारून झालं की चेंडूकडे न बघता माझ्याकडे वळायचा आणि हसून विचारायचा, "कुठं गेला?"

मी सांगायची. मला वाटलं, बोलायचं निमित्त काढतोय. मलाही ते निमित्त हवं होतं.

मग रविवार सुरू झाले. आईला मी सांगायची, ऑफिसचं आहे. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. तो रिक्षानं यायचा, मी स्कूटीवर. चहा प्यायला थांब म्हटलं तर दिवे लागायच्या आत निघून जायचा.

"आई ओरडते का?" मी चिडवायची.

"आई सोयगावला. घरमालकीण ओरडते."

"देखणी आहे का?"

"तुला कशाला पाहिजे?"

आता आम्ही दोघंच जोडीनं खेळायचो, तेही दुसऱ्या प्रकारानं. दोघांचे दोन चेंडू, प्रत्येकानं आपापला खेळायचा, आणि ज्याचे फटके कमी तोच आकडा जोडीचा. चांगला प्रकार आहे. आपला चेंडू आपला राहतो, आणि एखाद्या वेळी माती खाल्ली तर जोडीदार सावरून घेतो. पण इंद्रजीतच्या पुढं माझा आकडा कधी लागायचाच नाही. मी नुसती सोबत. लग्नातल्या करवलीसारखी.

"मला तो तिसरा खेळायचाय," एका रविवारी मी म्हणाले. "दोघांत एकच चेंडू. एकदा तू, एकदा मी."

तो काठी पुसत होता. हात थांबला.

"तो नको."

"का?"

"त्यात भांडणं होतात. कारभारी काका आणि त्यांचे साडू अजून बोलत नाहीत एकमेकांशी. तू बाभळीत मारलंस तर मला बाभळीतून काढावं लागणार. मी मारलं तर तुला. मैत्र्या तुटतात त्यात."

"आपली मैत्री आहे?"

तो पुसून झालेली काठी पुन्हा पुसायला लागला. लांबवर खाम नदीच्या बाजूनं मोर ओरडत होता.

"नाही," तो म्हणाला. "मैत्री नाही, म्हणूनच भीती वाटते."

रात्री मी छताकडे बघत ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकलं. आणि दुसऱ्या दिवशी जोड्यांच्या स्पर्धेत आमची नावं देऊन टाकली. त्याला न विचारता.

तो चिडला. मग म्हणाला, "बरं. एकदाच."

स्पर्धेच्या दिवशी भरदुपारी तिन्हीसांजेसारखं दाटून आलं होतं. शहराबाहेरचा सातारा डोंगर दिसेनासा झालेला. कडुलिंबाची झाडं नुसती काळी. मी पहिलाच फटका गवतात घातला आणि जीभ चावली. इंद्रजीतनं उसासाही टाकला नाही. गवतात उतरला, पाय रोवले, चेंडू बाहेर काढून माझ्यापुढं ठेवल्यासारखा आणून टाकला. मी पुन्हा घाण केली. त्यानं पुन्हा काढला. माझ्या चुका अशा, एकही शब्द न बोलता, कुणी निस्तरल्या नव्हत्या कधी. चौथ्या-पाचव्या होलपाशी मला कळून चुकलं होतं, की माझं काही खरं नाही आता.

"कुठं गेला?" तो विचारायचा.

"लिंबाच्या डावीकडं."

"कोणत्या लिंबाच्या?"

"तुला काय सगळी लिंबं सारखी दिसतात?"

तो हसला नाही.

मग माझ्या बुटाची नाडी सुटली. मी वाकले, तो पुढं गेला. वर बघते तर तो मारून मोकळा झाला होता… शेजारून खेळणाऱ्या जोडीचा चेंडू. आमचा तिथंच होता, त्याच्या पायाच्या अगदी बाजूला. तिकडून कुणी तरी ओरडलं. इंद्रजीत दचकून मागं सरकला, आणि मागं वाळूचा खड्डा होता. तो पाठीवर पडला.

"काय राव, बिअरवाल्यांबरोबर फिरतोस म्हणून दिवसाच लावून आलास का?" ती जोडी खो खो हसत निघून गेली.

मी धावले. खड्ड्याच्या कडेला उभी राहून हात पुढं केला. तो उठून बसला होता, केसांत वाळू. माझा हात त्याच्या कानापासून वीतभरावर होता… आणि त्यानं तो धरला नाही. तो समोर बघत होता. "नीरजा?" त्यानं विचारलं. "गेलीस का?"

मी हात हळूच त्याच्या डोळ्यांसमोर आणला. तेव्हा कुठं त्यानं पकडला, घट्ट.

स्पर्धा आम्ही तिथंच सोडली. लिंबाखाली बसलो. बारीक चिरचिर सुरू झाली होती.

"रात्रीचं लहानपणापासून दिसत नाही," तो म्हणाला. "आता बाजूचंही चाललंय. नळीतून बघतो मी. समोरचं स्वच्छ दिसतं. ठेवलेला चेंडू दिसतो. उडाला की गेला. असं अंधारून आलं की मग काहीच खरं नाही." त्यानं तळहातावरची वाळू पुसली. "आप्पांना हेच झालं. माझ्या वडलांना. माझी शाळा संपेपर्यंत त्यांचं सगळंच गेलं."

मी त्याच्या केसांतली वाळू झटकत राहिले.

"चौघांच्या खेळात बरं असतं गं. तीन जणांचे डोळे असतात. कुणी ना कुणी सांगतं, इकडं गेला, तिकडं गेला. लपता येतं. दोघांत एक चेंडू असला की लपायला जागाच नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"मी 'कुठं गेला' विचारलं की तू हसायचीस. ते अजून थोडे दिवस पाहिजे होतं."

दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला. 'नीरजा, हे इथंच थांबवू.' मग फोन बंद. त्याच्या कंपनीत विचारलं, तर रजा घेऊन गावी गेला म्हणाले.

ते दिवस वाईट गेले. लॅबमध्ये नमुने तपासताना मी एक डोळा मिटून बघायची, मग बोटांची नळी करून त्यातून. सगळं जग एका बाटलीच्या बुडाएवढं. आईला सांगितलं. ती ऐकून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. "आयुष्यभराचं आहे, नीरू," एवढंच म्हणाली.

मी सोयगावची एसटी धरली.

घर सापडायला वेळ लागला नाही. ओसरीवर एक बाई मुगाच्या शेंगा सोलत होती आणि बाजेवर बसलेले गृहस्थ तिच्याहून भराभर सोलत होते, मान वर करून, हातांकडे न बघता.

"कोण गं?" बाईंनी विचारलं.

"नीरजा. संभाजीनगरहून आले."

"आवाज तरणा हाय," आप्पासाहेब म्हणाले. "इंद्राची का?"

मी खाली बघितलं. मग आठवलं, त्यांना ते दिसणार नाही. "व्हय," मी म्हणाले. माझ्या तोंडून असंच निघालं.

इंद्रजीत शेतात गेला होता. त्याच्या आईनं, यमुनाबाईंनी, मला चुलीपाशी नेलं, चहा दिला आणि समोर बसल्या.

"खोटं न्हाय सांगणार बाई. लई तरास हाय. मानूस चिडतं, भिताडाला धडकतं, मग आपल्यावरच वराडतं. अन् लेकराला बी हे येतं, न्हाय तर न्हाय येत. इंद्राला आलं तवा मी देवाला बी सोडलं न्हाय." त्यांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "माझ्या लग्नात मला कुणीच सांगितलं न्हवतं. रातच्याला ताटात ह्यांचा हात चाचपडायला लागला तवा उमगलं. म्हायेरी निघून गेलते मी."

"मग परत कशाला आलात?"

"राग ह्यांच्या डोळ्यांचा न्हवताच. फसवल्याचा होता. तो निवला, अन् आले." त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "तुला पोरानं सांगितलंय. तवा तू जाशील तर उमजून जा, अन् ऱ्हाशील तर उमजून ऱ्हा. मला माझं मन इचारायला कुणी सवड दिली न्हवती."

इंद्रजीत आला तेव्हा आभाळ पुन्हा उतरलं होतं. अगदी समोर येईपर्यंत त्याला मी दिसले नाही. दिसले तेव्हा त्याच्या हातातलं खुरपं खाली पडलं.

"परत जा," तो म्हणाला.

"जाणारच आहे. शेवटची गाडी आहे. स्टँडपर्यंत सोड."

आम्ही चालत निघालो. गल्लीत उजेड कमी होत चालला होता. तो ओळखीच्या रस्त्यावर ताठ चालत होता, पण एका वळणाला पाय अडखळला, आणि मी त्याचा हात उचलून माझ्या खांद्यावर ठेवला. त्यानं काढला नाही.

"मला भीती वाटते," मी म्हणाले. "खोटं कशाला बोलू. रोज रात्री वाटते. मुलाबाळांचं तर मला काहीच कळत नाही… डॉक्टरांना विचारू. नकोच म्हणतील तर नको. पण ते दोघांनी ठरवायचं. तू एकट्यानं ठरवून मला मेसेज करायचा नाही."

"आणि उद्या तुला पश्चात्ताप झाला तर?"

"तर तुझ्या तोंडावर सांगीन. तू सांगितलंस तसं."

माझ्या खांद्यावरची त्याची बोटं दाबली गेली.

"पुढं काय आहे?" त्यानं थोड्या वेळानं विचारलं.

"चिखल."

"आणि?"

"एक म्हैस. आपल्याकडंच बघतेय."

"गोजरबाईची असेल. आगाऊ आहे." तो हसला. इतक्या दिवसांनी त्याचं हसू ऐकलं आणि माझ्याच डोळ्यांपुढचं सगळं धूसर झालं.

एसटी उभीच होती. कंडक्टर घाई करत होता. मी चढले, मागच्या बाजूला खिडकी मिळाली. इंद्रजीत खाली उभा, मान वर करून खिडक्या शोधत होता. अंधार पडला होता. त्याला गाडी म्हणजे नुसता एक काळा डोंगर दिसत असणार. मी हाक मारणार तेवढ्यात इंजिन सुरू झालं आणि माझा आवाज त्यात बुडाला.

तो पुढच्या एका खिडकीपाशी सरकला. गज धरले. आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "माझं तुझ्यावर लई प्रेम आहे. जाऊ नको म्हणायची हिंमत नाही… पण परत ये."

त्या खिडकीत एक म्हातारी बाई बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन. तिनं त्याच्याकडे नीट बघितलं.

"मला नगं सांगू, लेकरा," ती म्हणाली. "ती मागं बसलीया."

गाडीत हसू फुटलं. इंद्रजीतही हसला, कपाळाला हात लावला, आणि गाडीला हात लावून चाचपडत मागं आला, एक खिडकी, दुसरी खिडकी. त्याच्यामागं, गल्लीच्या तोंडाशी, बॅटरी घेऊन येणाऱ्या यमुनाबाई दिसत होत्या.

तेवढ्यात गाडी हलली. मी गजांतून हात बाहेर काढून जोरजोरात हलवला. मग कळलं, त्याचा उपयोग नाही. मी हात आत घेतला, तोंड खिडकीबाहेर काढलं आणि अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशी ओरडले,

"ऐकलं! येते रविवारी!"

अंधारात तो वळला. बरोबर माझ्या दिशेनं.