जिथं लाइट, तिथं सीपीयू

अमरावतीच्या राजापेठेतल्या माणिकबाईंच्या दारात आम्ही दोघांनी एकाच वेळी चपला काढल्या आणि माझं डोकंच सणकलं. मुलगा नोकरीला पुण्याला गेला म्हणून त्यांनी त्याचा जुना कॉम्प्युटर विकायला काढला होता. फोनवर मला म्हणाल्या होत्या, "ये, तुझाच समज." या विस्कटलेल्या केसांच्या उंच मुलालाही त्यांनी तेच सांगितलं होतं! दोघंही अकोल्याहून एसटीनं आलेलो, दोघांनाही प्रोग्रामिंग शिकायचं... आणि कॉम्प्युटर एकच.

"मले काय मालूम, दोघं एकदमच याल?" माणिकबाई चहा ओतत म्हणाल्या. "आता तुमीच ठरवा बाप्पा."

"मी आधी आली," मी ठणकावलं.

"अर्ध्या पायरीनं," तो हसला. पियुष त्याचं नाव. "अकोल्यात कुठं राहता तुमी?"

"जठारपेठेत. कावून?"

"तुमच्याकडची लाइट कवा जाते?"

पहिल्याच भेटीत मुलीला कुणी असं विचारतं? पण २००७ साल होतं. भारनियमनाचं वेळापत्रक सगळ्यांना तोंडपाठ. आमच्याकडची लाइट दुपारी चारला जायची. डाबकी रोडला, त्याच्या घरी, बरोब्बर चारला यायची.

"मंग भांडण कायचं?" तो म्हणाला. "माह्या घरी मॉनिटर चालू हाय, बाकी सगळं मेलं. हा मॉनिटर तुमी ठेवा, सीपीयू दोघांचा. जिथं लाइट, तिथं सीपीयू."

खरं तर मला नवाच हवा होता. पण दोन वर्षं कापसानं दगा दिला होता आणि बाबांच्या बियाण्यांच्या दुकानात शुकशुकाट होता. मी हो म्हटलं. परतीच्या एसटीत सीपीयूची ती पेटी आमच्या दोघांच्या मध्ये बसून आली.

मग रोज सकाळी दहाला त्याच्याकडची लाइट गेली की तो चादरीत बांधलेली पेटी लुनावर ठेवून आणायचा आणि चारला घेऊन जायचा. प्रोग्राममध्ये दोन तिरक्या रेघांपुढं लिहिलेलं कॉम्प्युटर वाचत नाही, माणसंच वाचतात. एके दिवशी माझ्या प्रोग्राममध्ये त्या रेघांपुढं लिहिलेलं सापडलं, 'इथं चूक हाय. पण अक्कल दांडगी.' मी खाली लिहिलं, 'तुमाले कोणी विचारलं?' दुसऱ्या दिवशी उत्तर तयार, 'कोणीच नाही. तरी सांगतो.' झालं! पेटी जोडली की मी आधी प्रोग्राम नाही, त्या रेघा शोधायला लागले.

"हा पोरगा पेटी न्याले येते का चहा प्याले?" आई विचारायची. साडेतीनपासून माझे खिडकीकडं हेलपाटे सुरू व्हायचे, हे तिला दिसत नव्हतं थोडंच.

आणि मग बाबा म्हणाले, "महिन्यावर परीक्षा आली तुही. अर्ध्या दिवसाच्या कॉम्प्युटरवर कशी पास होशील? नवाच घेऊ. इन्व्हर्टरबी घेऊ. औंदा दुकानाची उधारी वसूल झाली."

अमरावतीला एका कंपनीची परीक्षा होती, पास झालं की थेट नोकरी. मी आनंदानं उड्या मारायला हव्या होत्या. त्याऐवजी दोन दिवस मला धड जेवण गेलं नाही. नवा आला की पेटी थांबणार. पेटी थांबली की... दहा कशाला वाजतील आणि चार तरी कशाला?

शेवटी मी त्यालाच विचारलं, "नवा घेऊ का याच्यावरच भागवू?"

एकदा 'भागवा' म्हणाला असता, तर मी भागवलं असतं. खरंच.

"नवाच घ्या," तो म्हणाला. "याच्यात रॅम कमी हाय, पंखा घरघर करते. परीक्षेसाठी तुमाले पुरा दिवस पायजे."

अगदी बरोबर सल्ला! मला त्याचा असा राग आला...

"तुमाले तर बरंच झालं. पेटी आता तुमच्यापाशीच राहीन."

"हो ना," तो म्हणाला आणि चादरीची गाठ मारू लागला. रोज एका झटक्यात बसणारी गाठ त्या दिवशी तीनदा सुटली.

नवा कॉम्प्युटर आला. चकचकीत, मुका. पहिल्या दिवशी मी चार ओळी लिहिल्या आणि चारही खोडल्या. दुसऱ्या दिवशी उगाचच कपाट आवरलं. चूक होती कुणाची? सल्ला मीच मागितला होता, घेतलाही मीच, आणि परीक्षा मला द्यायचीच होती. पण त्याची इतकी आठवण येईल हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी चारला लाइट गेली, इन्व्हर्टर सुरू झाला आणि फाटकाशी लुना थांबली. मी धावतच दारात गेले. पियुष उभा होता. रिकाम्या हातांनी.

"आता काय न्याले आले?" मी मुद्दाम तोऱ्यात विचारलं.

"काईच नाही."

"मंग दोन दिवस कावून नाही आले?"

"काही कारण नव्हतं."

"आज हाय?"

"आजबी नाही." त्यानं मान वर केली. "चार वाजले अन् घरी बसवलंच नाही, रागिणी. तुमी... तुमी आवडता मले."

आतून आईनं चहाचं भांडं गॅसवर ठेवल्याचा आवाज आला. मी दारातून बाजूला झाले.

"मलेबी," मी म्हणाले. "पण परीक्षा होऊस्तोर रोज चारलाच याचं. त्याच्या आधी मले अभ्यास असते."