तोडलेली पिन

मी आयटीआय केलेली वायरमन आहे. चिंचपाड्याच्या आसपासच्या पाड्यांवर मोटारी, मीटर, पंखे जोडत फिरते. बाई खांबावर चढते म्हणून लोक अजून बघत उभे राहतात. बघोत बापडे. मला चीड येते ती दुसऱ्याच गोष्टीची. तीन पायांचा प्लग दोन भोकांच्या बोर्डात बसत नाही, म्हणून लोक वरचा जाड पाय पक्कडीने तोडून टाकतात. तो पाय अर्थिंगचा. माणूस वाचावा म्हणून दिलेला. तोडतात आणि वर म्हणतात, चालतंय की.

माझा धाकटा भाऊ दानियल अशाच तोडलेल्या पिनेने गेला.

कोरीटच्या योगेंद्रभाऊचा लग्नाचा बँड आहे. ट्रकवर स्पीकरची भिंत, कीबोर्ड, ढोल. दानियल त्यात बेस गिटार वाजवायचा. चार जाड तारांची, छातीत घुमणारी. गिटार योगेंद्रभाऊची, वायरीही त्याच्याच. तळोद्याकडच्या एका लग्नात अंगणात पाणी शिंपडलेलं होतं. दानियल अनवाणी उभा होता. हात तारांवर होता आणि ओठ माइकला लागला. तेवढं पुरलं.

आमच्याकडे माणूस गेला की वाजणं जागच्या जागी थांबतं. ढोल पालथा घालतात आणि माती होईपर्यंत सरळ करत नाहीत. त्या दिवशी दानियलला उचलून ट्रकमागे निजवलं आणि वाजवणं चालू ठेवलं. वरात पूर्ण झाली. मग योगेंद्रभाऊने गावभर सांगितलं, पोरगा पिऊन पडला. दानियलने आयुष्यात थेंब घेतला नव्हता. पण लोकांनी ते खरं मानलं, चर्चमध्ये आईशेजारी कोणी बसेना. आईने, मोगराबाईने, पुढच्या बाकावर बसणं सोडलं. ते बघून माझं डोकं उठायचं. मला योगेंद्रभाऊचे पैसे नको होते, माफी नको होती. त्याने चारचौघांत खरं बोलावं, एवढंच हवं होतं.

दानियल स्वतःची गिटार जमवत होता. त्याचं पोतं खाटेखाली सापडलं. सुरतेच्या जुन्या बाजारातली मान, दोन जातींच्या खुंट्या, कुठल्या तरी फुटक्या गिटारीतलं, तारांचा आवाज उचलणारं पिकअप. गिटारीचं लाकडी धड तेवढं नव्हतं. चर्चने काढून टाकलेल्या सागवानी बाकाची फळी मी आणली आणि ते कापलं. कापताना शिव्या घातल्या, योगेंद्रला, त्या लग्नाला, मेलेल्या दानियललासुद्धा. राहिली होती तारा टेकवायची घोडी. ती मागायला कोरीटला गेले, तेव्हा योगेंद्रभाऊने दानियलच्या हातातली तीच जळकी गिटार माझ्या पायाशी टाकली.

"ले, भंगारच शे ते," तो म्हणाला.

मी घोडी काढून घेतली. तिच्या कडेला काळा डाग होता. घासूनही गेला नाही.

तारा चढवल्या त्या दुपारी पहिल्यांदा बोटाला मुंग्या आल्या. मला तो विजेचा स्पर्श माहीत आहे, माझं पोटच त्यावर चालतं. पण गिटार टेबलावर होती. तिला वायर नव्हती.

मी टेस्टर लावला. टेस्टर पेटायला एका टोकाला वीज लागते आणि दुसऱ्या टोकाला माणसाचं बोट. दिवा पेटला. मी घराचा मेन स्विच पाडला. दिवा पेटलेलाच. मग गावची लाइट गेली, पंखे थांबले, गिरणी थांबली. तारेवर टेस्टर तसाच लाल.

"आई, हात लावू नकोस! सरकवायचीच तर कोरड्या लाकडाने सरकव," मी ओरडले. पोरांना शिकवतात तसं हे मी तिला वर्षानुवर्षं शिकवलं आहे.

आईने ऐकलं नाही. तिने तारांवर अख्खा तळहात ठेवला आणि ठेवूनच राहिली. तिला काही झालं नाही.

"गार आहे गं," ती आमच्या मावची बोलीत म्हणाली.

मी मीटर लावून पाहिला. टेस्टर बदलून पाहिला. कारण सापडेना, आणि कारण न सापडण्याचाही मला राग आला. गिटार भिंतीला टेकवून ठेवली.

मग एका सकाळी योगेंद्रभाऊचा ट्रक आमच्या दारात थांबला. वाजवणारे वरच बसले होते. आवाज वाढवायची मशीन चालू होती, स्पीकर घुमत होते. गल्ली गोळा झाली.

"ग्रेसीताई, तुन्ही गिटार दे. नवापूरले लगीन शे, मन्ही बंद पडी गयी."

"आधी सांगा, दानियल प्यायला होता का?"

तो हसला. "आते ते कसाले काढस? पिएल व्हता तो. समदासनी देखं."

माझ्या कानशिलात ठणकायला लागलं. सांगायला हवं होतं, हात लावू नका. टेस्टर माझ्या खिशात होता. मी गप्प राहिले, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

त्याने आत येऊन भिंतीजवळची गिटार उचलली. काही झालं नाही. गळ्यात अडकवून तो ट्रकवर चढला.

"वायर फेक," तो म्हणाला.

वायरीचं एक टोक ट्रकवरच्या मशीनला होतं. दुसरं खाली लोंबत होतं. मी ते उचललं.

ते माझ्या हातातच होतं, तेव्हा स्पीकरमधून बेस वाजला.

योगेंद्रभाऊची बोटं तारांवर आवळली होती. सुटत नव्हती. तोंड माइकला टेकलं होतं.

"पिएल नव्हता," स्पीकर बोलला.

गल्ली ट्रककडे सरकली.

"पोऱ्या पिएल नव्हता. पिन मी तोडी. तो पडना तरी मी बाजा बंद करू दिधा नही."

तेच पुन्हा. आणि पुन्हा.

ढोलवाला उठला. कोणी सांगितलं नव्हतं. त्याने गळ्यातला ढोल काढून पालथा घातला.

बोटं सुटली. योगेंद्रभाऊ ट्रकच्या फळीवर मटकन बसला. जिवंत होता. आपण काय बोललो ते त्याला ठाऊक होतं, कारण त्याने आईकडे बघितलं नाही.

ट्रक गेला. वाजवणाऱ्यांनी जाताना गिटार आमच्या दारात उतरवून ठेवली होती. शेजारणी आईला मिठी मारून रडल्या, रविवारी पुढे बस म्हणाल्या. आईही रडली. मी तारेला टेस्टर लावला. दिवा लागला नाही. चारही तारा पाहिल्या. नाही.

मला वाटलं होतं, ऐकलं की राग जाईल. उलट तो इतका वर आला की दात आवळले गेले. बोलला, आणि जिवंत घरी गेला. मी टेस्टर शर्टाच्या खिशात टाकला.

आई डोळे पुसत माझ्याकडे आली, हात पुढे केला आणि थांबली. ती माझ्या खिशाकडे बघत होती. खाकी कापडातून लाल उजेड दिसत होता.

 आत जाऊन तिने ताट वाढून आणलं, जमिनीवर ठेवलं आणि लाकडी पळीने माझ्याकडे सरकवलं.