नळाजवळची दोघं

दुपारी धुणं वाळत घालून झालं की ती फोन घेऊन परसात उकिडवी बसायची. गंजका नळ, त्याच्या तोंडाशी लोंबणारा थेंब, दोरीवरचे चिमटे, भिंतीवरची मुंग्यांची रांग... दिसेल त्याचा फोटो. ते फोनवरूनच एका कंपनीकडे जायचे आणि कुणीकुणी पुस्तकासाठी, जाहिरातीसाठी विकत घ्यायचं. हे खूळ नणंदेनं डोक्यात घातलेलं.

"वहिनी, परसात बसून जगाला मुंग्या विकताय की हो!"

"हसा. उद्या तुम्हालाच विकते."

लेकीचा फोटो मात्र तिनं कधी पाठवला नव्हता. चिमी साधी शिंकली तरी ही मीठमोहऱ्या ओवाळायची, मग तिला परक्यांच्या नजरेला कुठून घालणार? पण त्या दुपारी चिमी नळाखाली पेला धरून बसली होती, मान वाकडी करून कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी. फोटो असा उतरला की हिला मोह आवरला नाही. लहान मुलाच्या फोटोला आईबापाची सही लागते, तीही तिनं केली.

उत्तर आलं. 'फोटोत दोन मुलं आहेत. सही एकाच मुलासाठी आली आहे. दुसऱ्याच्या पालकांची पाठवा.'

तिनं फोटो मोठा करून करून पाहिला. चिमी, पेला, नळ, मागं ओली भिंत. बाकी कुणी नाही.

"वन्सं, तुम्हाला दिसतंय का हो कुणी?"

"कोण दिसायचंय? मशीन तपासतं ते, त्याला काय अक्कल! दोन्हीकडे तुमचीच सही ठोका न् मोकळ्या व्हा."

तिनं सहीचा दुसरा फॉर्म उघडला. मग मुलाच्या नावाच्या जागी तिनं 'बाळ' लिहिलं. नातं, आई. सही केली. फोटो लगेच मंजूर झाला.

दुसऱ्या दुपारी चिमीनं नळावर दोन पेले भरले, एक भिंतीपाशी नेऊन ठेवला.

"दुसरा कुणाला गं?"

"त्याला. त्याला सारखी तहान लागते."

"कुणाला?"

चिमीनं ओल्या भिंतीकडे बोट केलं. तिथं कुणीच नव्हतं. पण भिंतीपाशी ठेवलेला पेला रिकामा होता, आणि खालची माती कोरडी.

तिनं नळ घट्ट पिळला, पोरीला उचललं, आत येऊन मागच्या दाराला कडी घातली. मांडीवर थोपटत बसली. चिमी झोपली. घरात शेवाळाचा गार वास भरत चालला.

बाहेर नळ सुरू झाला.

मग बंद झाला. ओली पावलं फरशीवरून दारापर्यंत आली... छप, छप... आणि दारावर हात आपटला. पार खाली, चिमीचा हात पोचेल तेवढ्या उंचीवर.

"आई..."

चिमीचा श्वास तिच्या दंडावर लागत होता. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. ओ द्यायची नाही. काही झालं तरी ओ द्यायची नाही...

"आई... तहान लागली..."

तिनं ओ दिली नाही. पण छातीशी काहीतरी गरम, ओलं लागलं म्हणून तिनं खाली पाहिलं. चिमीचं दूध तुटून वर्ष होऊन गेलं होतं, आणि तिला पान्हा फुटला होता.