सतरा नंबरचा बिल्ला

हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं आहे. ऐकीव नाही, कुणाच्या मित्राच्या मित्राचंही नाही.

या पेजवरच्या गोष्टी मी रोज वाचतो. बहुतेकांना मध्यरात्र लागते, अमावास्या लागते. मला काहीच लागलं नाही. मागच्या महिन्यातला शेवटचा रविवार, दुपारचे पावणेतीन, लख्ख ऊन आणि शंभरेक माणसं.

जागा म्हणजे आमची जुनी कापडगिरणी, नदीला अगदी खेटून उभी. ती बंद पडून वीस वर्षं झाली. आता तिथे संग्रहालय आहे आणि मी तिथला गाईड. ज्या जिन्यावर आयुष्यभर मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या, त्याच जिन्याचं कौतुक आता पाहुण्यांना सांगतो. हा लोखंडी पूल. हे धुराडं. हा भोंगा, याच्यावर अख्खं शहर घड्याळं लावायचं. आणि हा बोगदा, एवढं म्हणून मी पुढे चालू लागतो.

तिथे मी कधी थांबत नाही.

आज थांबतो.

नदीचं पाणी या बोगद्यातून गिरणीखाली यायचं आणि मोठं चाक फिरवायचं. महिन्यातून एका सुट्टीला पाणी अडवून माणसं आत उतरायची, गाळ उपसायची. बोगद्याच्या तोंडाशी एक लाकडी फळी होती. चाळीस खिळे, चाळीस पितळी बिल्ले. आत जाताना आपल्या नंबरचा बिल्ला काढून खिशात टाकायचा, बाहेर आलं की परत अडकवायचा. सगळे खिळे भरले म्हणजे आत कोणी नाही. मगच पाण्याचा दरवाजा उघडायचा.

तो उघडणारा माणूस मी.

सतरा नंबर माझ्या भावोजींचा. ताईच्या नवऱ्याचा. माणूस लाखमोलाचा, पण विसरभोळा. बिल्ला दोनदा गाळात हरवला. दोन्ही वेळा ओशाळून मागच्या जिन्याने पसार झाले आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "मेहुणे, सांभाळून घ्या. घरी तुमची बहीण, इथे मुकादम. मी जाऊ कुठे?"

मी सांभाळून घ्यायचो. माझ्या खणात प्रत्येक नंबरचे जादा बिल्ले असायचे. रिकाम्या खिळ्यावर एक अडकवला की काम झालं.

चौतीस वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी एकोणचाळीस खिळे भरले.

सतरावा रिकामा होता...

मी हाक मारली. एकदाच. माझ्या खिशात तीनच्या सिनेमाचं तिकीट होतं आणि पावणेतीन झाले होते.

'परत हरवला असेल,' असं म्हणालो. खण उघडला. बिल्ला अडकवला. आणि दांडा ओढून पाणी सोडलं.

भावोजी तिसऱ्या दिवशी लोखंडी पुलाखाली सापडले.

ओळख पटवायला मीच गेलो. त्यांच्या शर्टाच्या खिशात बिल्ला होता. सतरा नंबर... मागे कसलासा लाल ठिपका. हवालदार पाठमोरा काहीतरी लिहीत होता. मी बिल्ला मुठीत घेतला आणि घरी जाताना पुलावरून नदीत फेकून दिला.

चौकशी झाली. फळी भरलेली सगळ्यांनी पाहिली होती. म्हणजे भावोजी बाहेर आले, त्यांनी बिल्ला लावला आणि कुणाला न सांगता पुन्हा आत गेले. चूक त्यांचीच. कागदावर तसंच उतरलं. मी खाली सही केली.

ताईने त्यातून स्वतःचं एक उत्तर काढलं. त्या सकाळी ती त्यांना बोलली होती, "काल छत्री विसरलात, परवा डबा. आज काही विसरून आलात तर घरात घेणार नाही." आणि नंतर डबा सापडला तो बोगद्यातच.

"डब्यासाठी परत गेले रे ते," ती म्हणायची. "माझ्या बोलण्यापायी गेले."

चौतीस वर्षं ती हे म्हणते आहे. आणि चौतीस वर्षं मी तिला म्हणतो आहे, "एवढं मनाला लावून घेऊ नकोस, ताई."

तर गेल्या महिन्यात आमच्या मॅडमनी टूम काढली. संग्रहालयाच्या प्रमुख त्या, तरुण आहेत, हौशी आहेत. बोगदा साफ करून घ्यायचा, पाणी सोडायचं आणि मोठं चाक लोकांसमोर फिरवून दाखवायचं. दांडा कोण ओढणार? अर्थात मी. मी पाठदुखी सांगून पाहिली. रक्तदाब सांगून पाहिला.

"काका, तुम्ही नुसता हात लावा," मॅडम म्हणाल्या. "जोर आम्ही लावू. आणि तुमच्या ताईंनाही मी बोलावलंय. मान त्यांचाच आहे."

ताई आली. तिला आता फारसं दिसत नाही, पण जवळचं दिसतं. नातीचा हात धरून पहिल्या रांगेत उभी राहिली.

फळी सकाळी मीच पुसली होती. चाळीसच्या चाळीस बिल्ले जागेवर होते. सतराव्या खिळ्यावर मी त्या दिवशी अडकवलेलाच होता.

मॅडम माईकवर सांगत होत्या, "सगळे खिळे भरले, की मगच..."

आणि अडखळल्या.

सतरावा खिळा रिकामा होता...

"कुणीतरी आठवण म्हणून लांबवला वाटतं," त्या माझ्या कानाशी पुटपुटल्या. "थांबा, दुकानात आहेत ना." आमच्या दुकानात या बिल्ल्यांच्या नकला मिळतात, किल्ल्या अडकवायला. त्या स्वतः जाऊन सतरा नंबर घेऊन आल्या आणि खिळ्यावर अडकवून मोकळ्या झाल्या.

"चला काका. फळी भरली."

माझा हात दांड्यावर होता. तो तिथेच राहिला.

टक्... टक्... टक्...

बोगद्यातून एक लोखंडी नळ बाहेर येतो. आत कोणी अडकलं तर त्याने त्यावर तीनदा ठोकायचं, असा आमचा नियम होता.

मी मॅडमकडे पाहिलं. त्या हसत होत्या. लोक मोबाईल उंच धरून उभे होते. कुणालाच काही ऐकू आलेलं दिसेना.

टक्... टक्... टक्...

"कोण ठोकतंय रे?" ताई म्हणाली.

फक्त ताई.

"आत माणूस आहे," मी म्हणालो. माईक जवळच होता, सगळ्यांना ऐकू गेलं. लोक हसले. त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. मी दांडा सोडेना आणि कुणाला ओढूही देईना. शेवटी मॅडमनी वायरमनला टॉर्च देऊन आत पाठवलं.

दहा मिनिटांनी तो वर आला.

"कोणी नाही काका. कोरडा ठणठणीत आहे. हा एवढा पडला होता, शेवटच्या पायरीवर."

पितळी बिल्ला. सतरा नंबर.

कोरड्या बोगद्यातून आला होता... आणि त्यातून पाणी ठिबकत होतं.

"सापडला बाई एकदाचा," मॅडम म्हणाल्या.

ताईने तो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि उलटा केला. मागे लाल ठिपका होता. परवा लावल्यासारखा ताजा.

"माझं नेलपॉलिश," ती म्हणाली. "आदल्या दिवशी ते बिल्ला घासायला घरी घेऊन आले होते. ते गेले त्याच सकाळी लावलं होतं मी. म्हटलं, निदान ओळखू तरी येईल." मग ती माझ्याकडे वळली. "हा फळीवरच होता ना रे? तू तर रोज पुसतोस. कधी बोलला नाहीस ठिपक्याचं."

खरं सांगायची वेळ तीच होती.

"माझं लक्ष गेलं नसेल," मी म्हणालो.

ताईने मान डोलावली. बिल्ला रुमालात बांधला. माझ्या शब्दावर तिने आजवर कधी शंका घेतलेली नाही.

पाणी काही सोडलं नाही. माझी तब्येत बिघडली असं सगळ्यांना सांगण्यात आलं.

त्या दिवसापासून रोज दुपारी पावणेतीनला माझ्या मोरीतला नळ वाजतो. तीनदा. प्लंबरला दाखवला. तो म्हणाला, हवा धरते.

मी हे इथे का लिहितो आहे? ताईची नात या पेजवरच्या गोष्टी तिला रोज वाचून दाखवते, म्हणून. तोंडावर बोलायची माझ्यात हिंमत नाही. बाळ, पुढचं जरा सावकाश वाच.

ताई, ते डब्यासाठी परत गेले नव्हते. ते बाहेर आलेच नव्हते. फळीवरचा बिल्ला मी अडकवलेला होता. त्यांचा त्यांच्या खिशातच होता, तो त्यांनी हरवला नव्हता. तुझ्या बोलण्याचा यात काडीचा संबंध नाही.

आणखी एक आहे. हे मी आजवर स्वतःशीसुद्धा बोललेलो नाही.

त्या दुपारी दांडा ओढताना... नळावर तीनदा ठोकलेलं मी ऐकलं होतं. म्हटलं, जुना नळ आहे, वाजत असेल.

आता तीन वाजून गेले आहेत. आज नळ वाजलेला नाही.

मी अजून मोरीच्या दारात बसून आहे.