धनश्रीची हाक

भुताच्या गोष्टीला रात्रच लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे जरूर वाचावं.

ही घटना भर दुपारची आहे. गेल्या फाल्गुनातली, तलवाड्याची. धनश्री माझी सख्खी मावसबहीण, त्यामुळे ऐकीव-बिकीव म्हणायचं काम नाही.

गावातली निम्मी घरं तेव्हा कुलूपबंद होती. माणसं ऊसतोडीला कर्नाटकात गेलेली. मावशी, म्हणजे छबुबाई, मात्र जवळच्याच टोळीत जायची. पहाटे ट्रॅक्टर न्यायचा, दिवस मावळला की आणून सोडायचा.

धनश्री त्याच टोळ्यांच्या ऑफिसात कामाला होती. पहाटे एकेका मजुराला फोन लावायचा, उठा, गाडी आलीय, अमक्याच्या उसाच्या फडात जायचंय, असं सांगायचं. एखादी बाई आजारी असली, तर मुकादम रामेश्वरशी भांडून तिचा त्या दिवसाचा खाडा माफ करून घ्यायची. पोरीचा आवाज गोड आणि जीभ तिखट.

दिवाळीनंतर ऑफिसात एआय आलं. रामेश्वरनं धनश्रीला एका खोलीत बसवलं आणि तिचा आवाज भरून घेतला. प्रत्येक मजुराचं नाव आणि पुढं 'गाडी आलीय', तीन तऱ्हांनी. आधी हळू, मग मोठ्यानं, मग रागानं.

आवाज भरून झाला आणि तिला सांगितलं, उद्यापासून येऊ नको.

आता फोन मशीन करणार होतं. तिच्याच आवाजात.

मशीनला पगार नको, सुट्टी नको, आणि ते कुणाच्या खाड्यासाठी भांडतही नाही. मालकाला अजून काय पाहिजे?

धनश्री तावातावानं गेली. आवाज माझा आहे, मला न विचारता कसा वापरता, म्हणाली. रामेश्वर हसला.

"आवाज कुठं गेला बाई तुझा? तुझ्यापशीच हाय की."

आपलीच मोरी अन् अंघोळीची चोरी, दुसरं काय! दाद मागावी तर हजेरीवर तिचं नावसुद्धा नव्हतं.

त्यात मावशी तापानं फणफणली. डॉक्टर म्हणाले, उन्हात गेली तर जिवावर बेतेल. पण मशीनला ताप कुठला कळायला? फोनवर फोन. लेकीच्या आवाजात, लेकीच्याच आईला...

"छबुबाई, गाडी आलीय."

शेवटी धनश्रीनं मावशीचा फोन बंद केला आणि आपल्या पिशवीत टाकला. मावशीला घोंगडी पांघरली, झोप लागलेली पाहिली आणि औषध आणायला गेली.

परत आली तर...

दार सताड उघडं.

घोंगडी घडी घालून ठेवलेली.

खुंटीवर कोयता नव्हता.

शेजारच्या सुभद्राबाई उंबऱ्यात ज्वारी पाखडत बसल्या होत्या. धनश्रीला पाहून त्यांचे हात थांबले.

"तू हितं? मंग तुझी माय कुणासंगं गेली?"

आपल्याकडे अवेळी हाक आली तर पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. दुसऱ्या हाकेलाही नाही. तिसरी हाक मारतो तो माणूसच, असं म्हातारी माणसं सांगतात. मावशी तापातही ही रीत विसरली नव्हती. सुभद्राबाईंनी सगळं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. पहिली हाक हळू आली. मावशी गप्प. दुसरी मोठ्यानं आली. तरी गप्प.

मग तिसरी आली... रागानं.

"तवा ती ओ म्हणली अन् उठली. तुझाच आवाज व्हता गं. माय, चल, म्हणत व्हता."

फोन धनश्रीच्या पिशवीत होता. बंद.

सुभद्राबाईंनी कालव्याकडे बोट दाखवलं आणि धनश्री तशीच पळत सुटली.

कालव्यापलीकडच्या फडात कुणीच नव्हतं. टोळी नाही, ट्रॅक्टर नाही. पाखरूसुद्धा नाही.

फक्त कोयत्याचा आवाज... खच्च... खच्च...

मावशी एकटीच ऊस तोडत होती. अनवाणी. डोळे तारवटलेले.

"माय!" धनश्रीनं हाक मारली.

मावशी थांबली. ती मागं वळणार, इतक्यात...

उभ्या उसातून हाक आली.

"माय..."

आवाज धनश्रीचा होता. धनश्रीचं तोंड मात्र बंद होतं.

ती जिवाच्या आकांतानं ओरडली. उसातली तिच्याहून गोड बोलली. आणि मावशी लेकीकडे पाठ करून उसात शिरायला लागली. धनश्रीनं धावत जाऊन तिला कवेत धरलं आणि फरफटत बांधावर आणलं. उसाचं एक पातंही हललं नाही.

मावशी वाचली. तिला दवाखान्यातून घरी आणल्यावर धनश्री रामेश्वरला जाब विचारायला गेली. त्यानं तिच्यासमोर मशीन तपासलं. त्या दुपारी मावशीला एकही फोन लागलेला नव्हता. मशीनला सगळ्यांची नावं आणि 'गाडी आलीय' एवढंच शिकवलंय, असं तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचंच तोंड उतरलं.

'माय' हा शब्द धनश्रीनं आवाज भरताना त्या खोलीत कधी उच्चारलाच नव्हता.

आता हंगाम संपलाय. फड मोकळे झालेत, उभा ऊस नावाला नाही. तरी मावशीच्या घरी मला फार वेळ बसवत नाही. परवा गेले होते. मावशी चुलीपुढं बसलेली, दूध तापत होतं. धनश्री मागून, दारातून म्हणाली, माय, दूध वर आलंय.

मावशी हलली नाही.

धनश्रीनं पुन्हा सांगितलं. मग मोठ्यानं. दूध उतू गेलं, विस्तव विझला, घरभर करपल्याचा वास सुटला. मावशी मान खाली घालून दोन्ही कान दाबून बसली होती.

मग धनश्री पुढं जाऊन तिच्यासमोर बसली. मावशीनं तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. ओठांवरून बोट फिरवलं.

"समोर यिऊन बोलत जा गं," ती म्हणाली. "पाठीमागनं कोण बोलतंय, मला आता वळखू येत न्हाई."

धनश्रीनं फक्त मान हलवली. हल्ली ती घरात कुणालाच हाक मारत नाही.