उंबऱ्याखालचा राजा

तुतीची दारू घ्या दोन घोट, आणि शेगडीच्या धुराड्याची झडप आधी उघडा. सरकवू नका, चांगली उघडा. का ते सांगतो.

मानवेलला तुम्ही ओळखता. चर्चच्या पायऱ्या जिथे संपतात, तिथलं घर त्याचं. गेल्या वर्षी चौदा फेब्रुवारीच्या आदल्या रात्रीची गोष्ट. संध्याकाळी नवी जोडपी सणाच्या आगीवरून उड्या मारून गेली होती, राख अजून गरम होती. सकाळी मानवेलला वारलेल्या बायकोच्या नावाने कोकरू बळी द्यायचं होतं. कापण्याआधी कोकराला आशीर्वादाचं मीठ चाटवावं लागतं. ते पाद्रीबाबांनी चर्चमध्ये वेदीपाशी ठेवलं होतं. तेवढं आणायला हा रात्री निघाला.

निघण्याआधी एक काम मात्र केलं त्याने. त्याचा एकुलता एक पोरगा, गेघाम, पहाटेच्या गाडीने येरेवानला आणि तिथून कायमचा फ्रान्सला, मार्सेयला जाणार होता. मानवेलने वरच्या खोलीतली शेगडी लाकडांनी भरली, ऊब टिकावी म्हणून झडप लोटली, आणि बाहेर येऊन दाराला किल्ली फिरवली.

“बाबा, दार उघड.”

“गाडी गेली की उघडतो.”

“अरे, एवढा घोडा झालोय मी. कोंडतोस काय?”

“घोड्यालाच बांधून ठेवावं लागतं.”

मग गेघाम हळूच म्हणाला, “तुझ्यात आणि त्या राजात फरक काय रे?”

राजा म्हणजे आपला, चर्चच्या दारातला. हजार वर्षांपूर्वी पोराने शत्रूची मुलगी करायची म्हटलं, म्हणून याने त्याला बुरुजात कोंडलं आणि किल्ली कमरेला लावून लढाईला गेला. परतला तोवर पोरगा आत मरून पडला होता. राणी जन्मात पुन्हा त्याच्याशी बोलली नाही. मरताना म्हणाला, मला उंबऱ्याखाली पुरा, येणाऱ्याजाणाऱ्याने माझ्यावर पाय द्यावा, तेवढंच पाप उतरेल. किल्लीही त्याच्याबरोबरच पुरली. म्हणून आपण त्या दगडावर पाय देतो. कोणी टाळत नाही.

मानवेलने त्या रात्री टाळलं. पोराचा शब्द जिव्हारी लागला होता. दगडापाशी थबकून म्हणाला, “बापाचं दुःख बापालाच कळतं.” आणि राजाला ओलांडून आत गेला.

मीठ घेतलं. वेदीला पाठ दाखवायची नाही, म्हणून रीतीप्रमाणे मागे मागे चालत दाराशी आला. दगड ओलांडायला पाय मागे टाकला...

पाय अडला.

वळून पाहिलं. दार सताड उघडं. चांदणं, पायऱ्या, खाली त्याच्याच घराची उजळलेली खिडकी. वारा तोंडाला लागत होता. हात पुढे केला, तर हातही अडला. खांद्याने धडक दिली. भिंतीला द्यावी तशी लागली.

खिडकीकडे पाहता पाहता त्याला झडप आठवली.

शेगडी भरलेली. झडप लोटलेली, म्हणजे जीव घेणारा धूर खोलीतच कोंडणार. किल्ली आपल्या खिशात.

“गेघाम...” ओरडला. हाक चर्चमध्येच फिरत राहिली. संतापून त्याने त्या दगडावर पाय आपटला. खालून आवाज आला तो रिकाम्या रांजणाचा.

दगडाखाली कोणी नव्हतं.

बाहेर पायऱ्यांवरून मात्र कोणीतरी खाली उतरत होतं. दिसत नव्हतं. लोखंड दगडाला लागत होतं. खण्... खण्...

त्याच्या घराकडे.

“थांब,” मानवेल म्हणाला. “तो माझा आहे...”

खण्...

मग खिडकी विझली.

काहीच ऐकू येईना. मानवेल खाली बसला. बंद दाराच्या आत पोराला काय वाटत असेल, ते त्याला तेव्हा कळलं. “जाऊ दे त्याला,” तो म्हणाला. “कुठेही जाऊ दे. जिता असू दे.”

पावलं परत आली. या वेळी लोखंडाचा आवाज नव्हता. त्याच्या गालावरून गारठा सरकला... आणि दगड जड झाला, खाली कोणी परत येऊन निजल्यासारखा.

मानवेल उठला. त्याने दोन्ही पाय त्या दगडावर ठेवले, पुरा भार देऊन. खाली कोणीतरी सुस्कारा सोडला. पुढचं पाऊल बाहेर पडलं.

धावत घरी आला तर गेघाम जिन्यात बसलेला. खोकून खोकून डोळे लाल, पण जिता. वर दार उघडं.

“दार उघडून तसाच निघून गेलास?” गेघाम म्हणाला. “एक शब्द बोलला नाहीस. नुसता रडत होतास, बाबा.”

मानवेलने खिशात हात घातला. त्याची किल्ली तिथेच होती.

पहाटे गेघामची बॅग त्यानेच गाडीत चढवली.

...

नाही, दार कोणी उघडलं ते मला विचारू नका. मी पाहिलं तेवढं सांगतो. वरच्या खोलीच्या त्या दाराच्या कुलपात अजून एक किल्ली आहे. वीतभर, गंजलेली. मानवेलने ओढून पाहिली, मीही पाहिली. निघत नाही. कुलपाच्या भोकात माझी करंगळी जात नाही, आणि ती किल्ली माझ्या अंगठ्याएवढी जाड आहे.